आगेऱ्याची पंगत आणि जेवणानंतरची प्रार्थना



ऑक्टोबरचा पहिला रविवार जवळ आला की आपल्या घरांत आगेऱ्याची लगबग सुरू होते. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, आखातात नोकरीला असलेला मुलगा जमल्यास त्याच सुमारास रजा घेतो, सोरपोतेल आदल्या दिवशीच शिजवून मुरत ठेवले जाते. हळवे भात तयार झालेले असते. त्याच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्यायच्या आणि घरच्या वेदीवर ठेवायच्या, ही आपल्या वाडवडिलांची रीत. ‘आगेरा’ या नावाचे मूळ शेत या अर्थाच्या ‘आगेर’ या लॅटिन शब्दात आहे, असे सांगतात.

पण शेत कुठे आहे? साष्टीतील किती गावांची भाताची खाचरे विमानतळाखाली, कारखान्यांखाली आणि इमारतींखाली गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण आता तांदूळ दुकानातून आणतात. मग आपण मिरवणुकीत लोंब्या धरतो त्या कोणाच्या, आणि आभार कशाचे मानतो? हा प्रश्न आपली तरुण मुले विचारतात, आणि तो योग्यच आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण पवित्र शास्त्रातील एक उतारा पाहू या.

अनुवाद 26:1-11 मध्ये पहिल्या पिकाच्या अर्पणाचा विधी दिला आहे. शेतकऱ्याने प्रथम फळे टोपलीत घालून याजकाकडे न्यावीत, याजकाने ती टोपली वेदीपुढे ठेवावी. एवढ्यावर विधी संपत नाही. मग त्या शेतकऱ्याने मोठ्याने आपल्या घराण्याची कहाणी सांगायची. आपला पूर्वज एक भटका माणूस होता, तो मूठभर लोकांसह मिसर देशात गेला, तिथे आपल्याला गुलाम केले गेले, आपण आक्रोश केला, देवाने ऐकले आणि या भूमीत आणले, म्हणून ही टोपली. त्या कहाणीत पाऊस किती पडला, पीक किती आले याचा उल्लेखही नाही! आभार पिकाच्या वजनावर ठरत नाहीत. देवाने आपल्याला कुठून कुठे आणले, हे आठवून ते मानायचे असतात. म्हणून ज्यांच्याकडे आज एक गुंठाही उरलेला नाही, त्यांनाही आगेरा साजरा करण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र कहाणी सांगितली गेली पाहिजे. आजीने चिखलात आवणी केली, आजोबांनी मिठागरावर किंवा गिरणीत मजुरी करून मुलांना शिकवले, हे नातवंडांना माहीत नसेल, तर लोंबी त्यांच्यासाठी केवळ सजावटीचे गवत ठरेल.

त्याच उताऱ्याचे शेवटचे वचन आपण बहुधा घाईत वाचतो. अर्पण झाल्यावर आनंद करायचा आहे, पण तो लेवी आणि परका यांच्यासह. लेव्याला स्वतःची जमीन नव्हती. परक्याला गावात कोणी नव्हते. आज आपल्या आवारात भाड्याने राहणारे कुटुंब, इमारतीचा वॉचमन, घरकामाला येणारी बाई, अजूनही कुठे शेती उरली असेल तिथे कापणीला येणारे आदिवासी मजूर, हे आपले परके. त्यांना उरलेले डब्यात भरून देणे चांगलेच, पण शास्त्रात म्हटले आहे ते बरोबर बसून आनंद करण्याविषयी. आम्हांला वाटते, हे आपल्याला जरा जड जाते.

त्याहून जड गोष्ट घरातलीच आहे. जमीन विकली गेली, पैसे आले, आणि सातबाऱ्यावरील नावांवरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले, अशी घरे आपल्या धर्मग्रामात नाहीत असे कोण म्हणेल? एकाच घराण्यातून दोन टोपल्या वेगवेगळ्या वाटांनी वेदीकडे येतात. प्रभू येशूचे याबाबतचे म्हणणे सरळ आहे (मत्तय 5:23-24). वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करायचा. चूक कोणाची, हे तिथे विचारलेले नाही. कोर्टातला दावा एका दिवसात मिटणार नाही, हे खरे. पण शनिवारी संध्याकाळी भावाच्या दारात जाऊन “उद्या जेवायला या” एवढे म्हणायला वकील लागत नाही.

आणि ज्या घरात यंदा खुर्ची रिकामी आहे, नोकरी गेली आहे, आजारपण आहे, त्यांनी काय करावे? संत पौल सर्व परिस्थितींत उपकारस्तुती करण्यास सांगतो (1 थेस्सलनीकाकर 5:18). परिस्थितीत आभार मानणे वेगळे आणि त्या परिस्थितीबद्दल आभार मानणे वेगळे. कर्करोगाबद्दल देवाचे आभार माना, असे कोणत्याही दुःखी माणसाला सांगू नये. हबक्कूक संदेष्टा तर अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात जनावर नाही अशी यादीच देवापुढे ठेवतो आणि तरीही त्याच्या ठायी आनंद करीन म्हणतो (3:17-18). त्याने यादी लपवली नाही. आपणही लपवू नये. प्रभूने भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली ती रात्रही विश्वासघाताचीच होती, आणि आपल्या मिस्साबलिदानाला ‘युखारिस्त’ म्हणजे उपकारस्तुती हे नाव त्यावरूनच पडले.

आता पंगतीकडे येऊ. जेवणाआधी आपण प्रार्थना म्हणतो. जेवणानंतरची जवळजवळ विसरलो आहोत. अनुवाद 8:10 मध्ये मात्र खाऊन तृप्त झाल्यावर देवाला धन्यवाद देण्याची आज्ञा आहे, आणि यहुदी लोक आजही तिच्या आधारे जेवणानंतर दीर्घ प्रार्थना म्हणतात. पुढच्याच वचनांत कारणही आहे. पोट भरले, घरे बांधली, गुरे आणि सोने वाढले की माणूस देवाला विसरतो. भुकेल्याला देव सहज आठवतो. बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकीही परत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी (लूक 17:11-19). दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात जेवणापूर्वी आणि जेवणानंतर थांबून देवाचे आभार मानण्याच्या प्रथेकडे परत येण्याची सर्व विश्वासणाऱ्यांना विनंती केली आहे.

या आगेऱ्याला ताटे उचलण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी बसून राहावे. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीने आपल्या घराण्याची एक आठवण सांगावी. त्यानंतर प्रत्येकाने यंदाच्या वर्षातील एकेक गोष्ट देवापुढे ठेवावी, लहान मुलांनीसुद्धा. ज्याला फक्त दुःखच ठेवायचे असेल त्याने ते ठेवावे. मृतांची नावे घ्यावीत. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ ही प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावी, आणि मग भांडी घासायला फक्त सुनांनीच उठू नये.