प्रचंड वीजप्रवाह आणि त्याची गळती

वीज साठविणे ही एक गोष्ट. ती इष्ट स्थळी पोचविणे ही निराळी. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील सँडिया प्रयोगशाळेचे ‘झेड’ यंत्र पाहा. सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात ते २ कोटी ६० लाख अँपिअरपर्यंतचा प्रवाह उभा करते. शेवटच्या टप्प्यात हा प्रवाह निर्वातातील धातूच्या वाहिन्यांमधून लक्ष्याकडे जातो. तेथील तीव्र विद्युत्‌दाबामुळे ऋण पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. परंतु प्रवाहाचेच चुंबकीय क्षेत्र त्यांना मागे वळविते. चार वाहिन्या जेथे एकत्र येतात, तेथे मात्र काही बिंदूंवर हे क्षेत्र शून्य होते आणि गळती होते. लक्ष्यावरील चुंबकीय दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून १० टक्के प्रवाह गळाला, तर दाब १९ टक्क्यांनी घटतो. अशा यंत्राची कार्यक्षमता साठ्यावरून नव्हे, तर लक्ष्यापर्यंत पोचलेल्या प्रवाहावरूनच मोजावी लागते.