विकणे असलेल्या वाड्याचा अभ्यास

वाई येथे आमच्या घराण्याचा एक जुना वाडा आहे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या दरवाजावर 'वाडा विकणे आहे' अशी पाटी लागली. वाड्यात आता आजी आणि धाकटे काका-काकू एवढीच माणसे राहतात. बाकीचे आम्ही पुण्या-मुंबईकडे पांगलो. मागची भिंत फुगलेली, माडीवर जायला मनाई, पावसाळ्यात माजघरात ओल. वाड्याचे आता वय झाले, याबद्दल घरात दुमत नव्हते. माझेही नव्हते. इतिहासाच्या प्रकल्पासाठी एखादी जुनी वास्तू निवडायची होती, म्हणून ही हकीकत मी विभागातील सरांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "विकायचा तर विका, पण विकण्याआधी मोजून तरी घ्या." नाताळच्या सुटीत टेप, वही आणि बॅटरी घेऊन मी वाईला गेले. त्या मोजणीत जे उमगले ते येथे मांडते.

वाड्याची मांडणी

वाई हे कृष्णाकाठचे गाव. येथील घाट आणि देवळे यांवर पेशवाईतील रास्ते घराण्याचा ठसा आहे. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तेथील भित्तिचित्रे आणि 'मेणवली दफ्तर' अभ्यासकांना परिचित आहेत. आमचा वाडा या मानाने अगदी साधा, एकचौकी आणि एका माडीचा. पण घडण तीच.

दिंडी दरवाजातून आत शिरले की देवडी लागते. तेथून एकदम चौक दिसत नाही, एक वळण घ्यावे लागते. रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट घरात पोहोचू नये, ही त्यातली योजना. चौकाच्या भोवती ओसरी आणि सोपा, आत माजघर, देवघर, कोठीची खोली व स्वयंपाकघर, मागे परसू आणि आड. चौक केवळ शोभेचा नाही. तापलेली हवा तेथून वर निघून जाते, आणि चारही पाख्यांचे पाणी तेथे पडून मोरीवाटे बाहेर जाते. उजेड, वारा आणि पाणी या तिन्हींची वाट एकच आहे.

वाड्याचे माप फुटांत नव्हे, खणांत सांगतात. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. आमच्या सोप्यात तो साडेपाच फुटांचा भरला. सागवानी तुळईची लांबी आणि तिला पेलणारे ओझे यांवर खण ठरतो, आणि खणांवरून खोली ठरते. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे लाकडाचा जमिनीशी संबंध येत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर, असा हा कडीपाट. जोते काळ्या दगडाचे, वरच्या भिंती विटांच्या.

यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आमच्या वाड्याचे ओझे मुख्यतः लाकडी सांगाड्यावर आहे, भिंतींवर नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा माडीची एक भिंत चौकात कोसळली. वरचे छप्पर मात्र खांबांवर तसेच उभे राहिले, असे आजी सांगते. लाकूड वाकते, डुलते आणि पुन्हा सावरते. मात्र याच सांगाड्याचा शत्रू म्हणजे आग. १७३२ मध्ये पुरा झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. आज आपण पाहतो ते दगडी जोते, तट आणि दरवाजे. मधला वाडा लाकडाचा होता म्हणून गेला.

भिंतीचे दुखणे

मोजता मोजता मी प्रत्येक खांब बोटांनी ठोकून पाहू लागले. चांगले लाकूड खणखणीत वाजते, किडलेले बद्द वाजते. चौकाकडचे सगळे खांब खणखणीत वाजले. बद्द आवाज आला तो फक्त मागच्या भिंतीत शिरणाऱ्या कड्यांच्या डोक्यांचा. वयामुळे वाडा खचला असता तर तो सगळीकडे सारखाच खचायला हवा होता. दुखणे एकाच बाजूला का?

उत्तर काकांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत सापडले. माझ्या जन्माआधी त्या भिंतीचा चुन्याचा गिलावा पोपडे धरू लागला, म्हणून तो काढून सिमेंटचा केला होता. त्याच वेळी परसात सिमेंटची फरशी घातली, आणि तिचा उतार नकळत भिंतीकडे आला. खर्च चांगला झाला होता, काम नेकीने झाले होते. आणि दुखण्याचे मूळही तेच होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विटेत अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून जमिनीतील ओल वर चढते. चुन्याचा गिलावाही सच्छिद्र असल्यामुळे ही ओल त्याच्या पृष्ठावरून उडून जाते. गिलावा झिजतो, त्याला लोणा लागतो, दहा-वीस वर्षांनी तो बदलावा लागतो; पण भिंत सुकी राहते. सिमेंटचा थर घट्ट असतो. ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ती आणखी वर चढते आणि कड्यांची डोकी भिंतीत असतात तेथे जाऊन बसते. तेथे लाकूड कुजते, वाळवी लागते, कडी खाली बसते, माडी हलते. वाईतल्या एका वृद्ध गवंड्यांना मी ही भिंत दाखवली. ते एका वाक्यात म्हणाले, "ताई, भिंतीला घाम येऊ द्यावा लागतो."

थोडक्यात, ज्याला आम्ही म्हातारपण समजत होतो तो एक आजार होता, आणि तो आम्हीच आणलेला होता. हे लिहिताना काकांना दोष देण्याचा हेतू नाही. सिमेंट म्हणजे पक्के, असे त्या काळी सगळेच समजत. आजही बहुतेक लोक तसेच समजतात.

विक्री आणि वारस

पाटी पाहून आलेली गिऱ्हाइके दोन प्रकारची होती. एकाला जागा हवी होती. वाडा पाडण्याचा खर्च तो किमतीतून वजा धरत होता. दुसऱ्याला लाकूड हवे होते. नक्षीचे हस्त, महिरपी आणि दरवाजा यांचा भाव त्याने वेगवेगळा सांगितला. दोघांच्याही हिशेबात घर कोठेच नव्हते.

मार्च महिन्यात सगळे वारस वाईला जमले. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच झाला आहे, त्यामुळे दोन्ही आत्यांच्या सह्याही आवश्यक होत्या. मी माझा नकाशा सतरंजीवर पसरला, बद्द वाजणाऱ्या अकरा कड्या लाल शाईने दाखवल्या आणि उरलेला वाडा निरोगी आहे असे सांगितले. मला वाटले होते, आजीला आनंद होईल. ती म्हणाली, "तुम्हांला चौक दिसतो, मला चूल दिसते. त्या काळोख्या माजघरात माझी चाळीस वर्षं गेली. ते तसंच ठेवायचं असेल तर खुशाल विका."

माझ्या नकाशात हे नव्हते. वाड्याच्या रचनेत हवा आणि पाणी यांचा जसा विचार आहे, तसा कोणी पुढे बसावे आणि कोणी मागे राबावे याचाही आहे. उजेड सोप्याला मिळाला आणि धूर माजघराला. जीर्णोद्धार करायचा तर यातले काय राखायचे आणि काय बदलायचे, हे ठरवावेच लागते. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे उदाहरण पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे नगरपालिकेचा कारभारही तेथून चालला. वापर बदलत गेला, म्हणूनच त्याची निगा राहिली.

थोरल्या आत्या बराच वेळ गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "एक पावसाळा थांबू. भिंत सुधारली नाही तर मी सही करते."

दुरुस्ती

काम त्या गवंड्यांच्या देखरेखीखाली झाले. प्रथम परसातली फरशी उखडून उतार आडाकडे केला. मग कड्यांना खालून टेकू देऊन सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढला आणि भिंत काही आठवडे उघडी ठेवून सुकू दिली. चुन्याची कळी पाण्यात विरवली, तिच्यात वाळू आणि विटांची भुकटी मिसळून गिलावा पातळ थरांत चढवला. चुना सावकाश, हवा घेत घेत घट्ट होतो. म्हणून उन्हापासून जपत त्यावर पाणी शिंपडत राहावे लागते. हे काम काकू आणि मी आळीपाळीने केले. कड्या मात्र सबंध बदलल्या नाहीत. कुजलेले डोके तेवढे कापून नव्या सागाचा तुकडा सांध्याने जोडला. आणि माजघराच्या भिंतीत, जेथे ओझे येत नाही अशा जागी, एक खिडकी काढली.

पावसाळा गेला. मागची भिंत खालून हातभर ओलसर होती. आश्विनात तीही सुकली. माडीवर आता जाता येते. आजी दुपारी नव्या खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसते.

वाडा वाचला, असे मी म्हणणार नाही. पाटी अजून दरवाजावर आहे, कारण सगळ्यांचेच पुढचे आयुष्य वाईत जाणार नाही. फक्त तिच्यावरचा मजकूर बदलला आहे: 'राहण्यासाठी वाडा विकणे आहे'. येणाऱ्याला काका आता आधी माझा नकाशा दाखवतात, लाल खुणांसकट.

माझ्या वर्गबंधु-भगिनींपैकी पुष्कळांच्या गावी असे एखादे घर असेल. ते राखावेच, असा माझा आग्रह नाही. पण विकण्यापूर्वी, पाडण्यापूर्वी, एकदा मोजा. खांब ठोकून पाहा. घर म्हातारे आहे की आजारी, एवढे तरी त्यावरून कळेल.