संकेतस्थळ मंदावते तेव्हा : डेटाबेसची तपासणी

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क झाला आहे. यांपैकी अनेक सेवांचे अर्ज आज संगणकावरून भरले जातात. साहजिकच संकेतस्थळ मंदावले की दाखल्यासाठी आलेला शेतकरी वा विद्यार्थी खिडकीपुढे खोळंबतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर घेऊन परततो. अशा वेळी अधिक शक्तिमान यंत्र खरेदी करण्याचा प्रस्ताव बहुधा सर्वांत आधी पुढे येतो. दोष शोधण्यापूर्वीच असा प्रस्ताव मंजूर झाला तर खर्च होतो, मंदपणा मात्र पुष्कळदा कायम राहतो.

वेळ नेमका कोठे जातो, हे प्रथम पाहिले पाहिजे. मायएसक्यूएल हा सर्वत्र वापरात असलेला डेटाबेस उदाहरणादाखल घेता येईल. मंद प्रश्नांची नोंदवही ठेवण्याची सोय त्यात आहे. परंतु ती मुळात बंद असते आणि सुरू केली तरी 10 सेकंदांहून अधिक वेळ घेणारे प्रश्नच टिपते. ही मर्यादा 1 सेकंदावर किंवा त्याहूनही खाली आणणे इष्ट होय. कारण दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा 12 सेकंदांचा प्रश्न एकूण 120 सेकंद घेतो, तर पाव सेकंदाचा प्रश्न 50,000 वेळा विचारला गेल्यास 12,500 सेकंद खातो. डोळ्यांत भरणारा दोषी आणि खरा दोषी हे निराळे असू शकतात.

संशयित प्रश्न हाती आला की त्यापुढे ‘एक्स्प्लेन’ हा शब्द लावून डेटाबेसलाच त्याची कार्यपद्धती विचारावी. उत्तरात ‘ऑल’ असा प्रकार दिसल्यास संपूर्ण तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चाळला जात आहे, असे समजावे. लाखो नोंदींतून एक अर्ज शोधण्यासाठी असे करणे म्हणजे सूची नसलेल्या ग्रंथातील एक नाव शोधण्यासाठी सगळी पाने उलटणे होय. येथे इंडेक्स, म्हणजेच सूची, उपयोगी पडते. बायर व मॅक्क्राईट यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बी-ट्री’ रचनेवर ती बहुतांशी आधारलेली असते. या रचनेत दर पायरीला शेकडो वाटांपैकी एक निवडली जात असल्यामुळे कोटभर नोंदींतूनही तीन-चार पायऱ्यांत हवी ती ओळ सापडते.

सूची असूनही ती वापरली जात नाही, असेही घडते. आणि हा दोष फार चकवा देणारा आहे. भ्रमणध्वनी क्रमांक अक्षररूपाने साठवला आणि प्रश्नात तो अवतरणचिन्हांविना अंकरूपाने विचारला, तर मायएसक्यूएल त्या स्तंभाची सूची वापरू शकत नाही. तारखेतून वर्ष काढून तुलना केली तरी बहुधा हेच होते. त्याऐवजी वर्षाच्या पहिल्या व अखेरच्या दिवसांची कक्षा द्यावी. मात्र प्रत्येक स्तंभावर सूची करण्याचा उत्साहही बरा नव्हे. प्रत्येक नवी नोंद करताना त्या साऱ्या सूच्या अद्ययावत कराव्या लागतात, व अर्ज स्वीकारण्याचेच काम मंदावते.

काही वेळा डेटाबेस निर्दोष असतो आणि दोष प्रणालीच्या रचनेत असतो. तालुक्यातील 150 गावांची यादी दाखवताना आधी यादी आणि मग प्रत्येक गावासाठी स्वतंत्र प्रश्न, असे 151 प्रश्न विचारले जातात. प्रत्येक खेपेस 10 मिलिसेकंद धरले तरी दीड सेकंद केवळ ये-जा करण्यात जातो. हेच काम एका जोडप्रश्नात होते.

गर्दीच्या दिवशी ‘जोडण्या संपल्या’ असा संदेश आला की त्यांची मर्यादा, जी मायएसक्यूएलमध्ये मुळात 151 असते, वाढवण्याकडे कल असतो. परंतु एखादा अपुरा राहिलेला व्यवहार नोंदींना कुलूप लावून बसला असेल, तर जोडण्या वाढवल्याने केवळ रांग लांबते. कुलपासाठी थांबलेला प्रश्न मूळ नियमानुसार 50 सेकंद वाट पाहून मगच माघार घेतो. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यास कुलूप सुटते खरे, पण कोणता व्यवहार अडला होता याचा पुरावाही नाहीसा होतो. म्हणून त्या क्षणी चालू असलेल्या प्रश्नांची यादी आधी उतरवून घ्यावी व मगच सर्व्हरला हात लावावा.