मालमत्ता कराची आकारणी आणि अपील

राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता येत नाही. मालमत्ता कराच्या आकारणीस हरकत घेण्याच्या हक्काचे मूळ याच तत्त्वात आहे. मात्र अपिलात कोणता पुरावा उपयोगी पडेल, हे आकारणीच्या पद्धतीवर अवलंबून असते.

बेंगळुरूमध्ये २००० साली ऐच्छिक स्वयंमूल्यांकन योजना सुरू झाली व २००८ मध्ये एकक क्षेत्रमूल्य पद्धती आली. तीत विभाग, बांधकामाचा प्रकार, वय, वापर व क्षेत्रफळ यांवरून कर ठरविण्यात आला. अशा पद्धतीत मल्लेश्वरमसारख्या जुन्या वस्तीतील घरमालकाला स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून बाजारभावाचा दाखला घेऊन फारसा लाभ होत नाही. मोजमाप, बांधकामाचे वर्ष व प्रत्यक्ष वापर यांचा अहवाल निर्णायक ठरतो. १,२०० चौरस फुटांचे घर १,५०० चौरस फुटांचे नोंदले गेल्यास, इतर बाबी समान असता, कर सव्वापट होतो.

मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्य हा आधार आहे. तेथेही भावी बांधकामक्षमता धरून केलेली आकारणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमान्य केली. सारांश, कर मालमत्तेच्या आजच्या स्थितीवर आकारला जातो आणि ती स्थिती सिद्ध करणे हेच मूल्यांकनकाराचे खरे कार्य होय.