समुद्रावरील बांध

भिवंडीच्या बाजारांत कोळीण पाटी उतरविते, तेव्हां आपण सुरमईचा भाव विचारतों. ती कोणत्या पाण्यांतून आली, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आज तेंच विचारूं.

शेताला बांध असतो, समुद्राला नसतो. म्हणून राष्ट्रांनीं तेथें करारांचे बांध घातले. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कराराप्रमाणें किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचें पाणी त्या त्या देशाचें, आणि 200 मैलांपर्यंतच्या मासळीवर हक्कही त्याचाच. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. परंतु दोन देशांचे किनारे एकमेकांस लागून असले, म्हणजे मधली रेषा उभयतांच्या संमतीनें ठरवावी लागते.

ही संमती न झाली तर काय होतें? कच्छच्या पश्चिमेस सर क्रीक नांवाची सुमारें 96 किलोमीटर लांबीची खाडी आहे. सरहद्द खाडीच्या मधून जाते, असें भारताचें म्हणणें. पूर्वतीरावरून जाते, असें पाकिस्तानचें. मुंबई सरकारच्या 1914 च्या एकाच ठरावाचा दोघेही निराळा अर्थ लावतात. खाडीच्या मुखाशीं रेषा ठरत नाहीं, म्हणून पुढें समुद्रांतही ती ठरलेली नाहीं.

या बाजूच्या समुद्रांत मासळी विपुल. तिच्यामागें ओखा, पोरबंदर व वेरावळ येथील बोटी जातात. आणि त्यांवर खलाशी म्हणून आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यांतील माणसेंही असतात. वारा आणि प्रवाह यांना रेषा कळत नाहीं. बोट पलीकडे गेली, कीं ती जप्त होते आणि खलाशांच्या वांट्यास कराचीचा तुरुंग येतो. 2021 च्या नोव्हेंबरांत ओख्याहून निघालेल्या एका बोटीवर पाकिस्तानी सागरी दलाचा गोळीबार होऊन पालघरकडील एक खलाशी प्राणास मुकला. आपल्या हद्दींत शिरलेले पाकिस्तानी कोळीही आपले रक्षक पकडतात. त्यांच्या घरची चूलही तशीच थंडावते.

2008 च्या करारान्वयें दोन्ही देश दर वर्षीं 1 जानेवारी व 1 जुलै रोजीं परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री झाली, कीं एका महिन्यांत कैद्यास घरीं पाठवावें, असें त्यांत स्पष्ट आहे. तरीही शिक्षा भोगून झालेल्यांस सोडा, अशी मागणी भारतास वारंवार करावी लागली आहे. करार लिहिणें निराळें, पाळणें निराळें.

रेषा ठरली म्हणजे सर्व मिटलें, असेंही नव्हे. श्रीलंकेशीं 1974 व 1976 सालीं सागरी सरहद्द ठरली. पण रामेश्वरकडील कोळ्यांची अटक थांबली नाहीं. पाणी वांटलें गेलें, मासळी कशी वांटावी याची तोड निघाली नाहीं. व्यापाराचेंही तसेंच. बांगलादेशानें 2012 सालीं हिलशाची निर्यात बंद केली, तेव्हां कोलकात्याच्या गिऱ्हाइकाला आपल्या आवडत्या मासळीसाठीं शेजाऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागली.

तेव्हां करार म्हणजे केवळ मुत्सद्द्यांचा कागद नव्हे. तो कोणाचें जेवण आहे, तर कोणाचें घरीं परत येणें आहे. आज सायंकाळीं नकाशा उघडा, सर क्रीक शोधा, आणि तेथून डहाणूपर्यंत बोट फिरवा. तेवढ्या अंतरावर कोणाची तरी आई वाट पाहत आहे.