घंटा, पाटी आणि संगणकांतील निरोप

शाळेची घंटा वाजते तेव्हां जो मुलगा मैदानाच्या पलीकडील टोकाला असतो, त्याला ती ऐकूं आली नाहीं, तर त्याच्यापुरती ती वाजलीच नाहीं असें म्हणावें लागतें. नाद हवेंत विरून जातो. उशीरा आलेल्यासाठीं तो थांबत नाहीं. कचेरीबाहेर टांगलेल्या पाटीचें तसें नाहीं. ती आधीं आलेल्याला दिसते, मागाहून आलेल्यालाहि दिसते, आणि कोणी उतरवीपर्यंत तेथेंच राहते. संगणकाचा एक भाग दुसऱ्या भागाला "माझें काम झालें" असें कळवितो, तेव्हां त्यानें घंटा वाजविली कीं पाटी लाविली, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. सॉफ्टवेअरची चाचणी घेतांना हा भेद आम्हांला कसा उमगला, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊं. चालू असलेल्या कार्यक्रमाला प्रोसेस म्हणतात. तिला संगणकाच्या स्मृतींतील स्वतःची जागा मिळते, व एकीच्या जागेंत दुसरी सहसा डोकावूं शकत नाहीं. एकाच प्रोसेसच्या पोटांत एकाच वेळीं चालणारीं जीं अनेक कामें, ते थ्रेड. थ्रेड म्हणजे एकाच स्वयंपाकघरांत राबणाऱ्या दोघी जावा समजा. मिठाचा डबा एकच. म्हणून निरोप देणें सोपें, पण दोघींनींहि आमटींत मीठ घालण्याचा संभवहि तितकाच. प्रोसेसी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलीं दोन घरें. येथें मीठ दोनदां पडत नाहीं, परंतु निरोप धाडावयाचा तर मध्यें खिडकी ठेवावी लागते.

आमच्या संगणकवर्गांत आम्हीं पायथॉन भाषेंत एक लहानसा कार्यक्रम रचिला होता. एका थ्रेडनें गुणांची यादी लिहावी, व चाचणीनें ती तपासावी. लिहिणें संपलें हें चाचणीला कसें कळावें? आम्हीं सोपी युक्ति केली: चाचणीनें एक सेकंद झोंप घ्यावी व मग पहावें. नव्या यंत्रावर ती दर वेळीं उत्तीर्ण झाली. कोपऱ्यांतील जुन्या यंत्रावर मात्र ती कधीं उत्तीर्ण, कधीं अनुत्तीर्ण! एका विद्यार्थ्यानें सुचविलें, "झोंप पांच सेकंदांची करूं या." तशी केल्यावर अपयश विरळ झालें, पण गेलें नाहीं, आणि सर्वांचे पांच पांच सेकंद मात्र प्रत्येक खेपेस फुकट गेले. अशी चाचणी अनुत्तीर्ण झाली तर दोष कार्यक्रमाचा कीं घड्याळाचा, हेंच कळत नाहीं. आणि ज्या चाचणीवरचा विश्वास उडाला, तिच्या ओरडण्याकडे पुढें कोणी पाहत नाहीं.

पायथॉनमध्यें यासाठीं 'इव्हेंट' नांवाची वस्तु आहे. काम संपतांच एक थ्रेड तिला 'सेट' करतो. दुसरा तिच्यापाशीं 'वेट' करीत बसतो. सेट झालेली इव्हेंट कोणी मुद्दाम पुसल्यावांचून तशीच राहते. म्हणजे ही पाटी होय. वाट पाहणारा मागाहून आला तरी चुकत नाहीं. वाट पाहण्याला मर्यादाहि घालतां येते. पांच सेकंदांची मर्यादा घातली म्हणजे पांच सेकंद दवडलेच पाहिजेत असें नव्हे. पाटी लागतांच चाचणी पुढें सरकते, व मर्यादा उलटली तर कायमची अडकून न बसतां "निरोप आला नाहीं" असें सांगते.

घंटाहि त्या भाषेंत आहे. तिला 'कंडिशन' म्हणतात. तिच्यावर टोला पडला त्या क्षणीं कोणी वाट पाहत नसेल, तर तो टोला वायां जातो. म्हणून जाणते लोक वाट पाहण्यापूर्वीं काम झालें आहे काय तें कुलूप लावून तपासून घेतात.

पाटीचीहि एक उणीव आहे. एकाच गोष्टीची पाटी दोनदां लाविली तरी पाहणाऱ्याला एकच दिसते. किती निरोप आले हें मोजावयाचें असेल तेथें रांग हवी, म्हणजे 'क्यू'. तींत प्रत्येक निरोप आपल्या क्रमानें उभा राहतो.

आमची दुसरी चूक अधिक गंमतीची. थ्रेडसाठीं केलेली इव्हेंट आम्हीं प्रोसेसींमध्यें वापरली. फोर्क पद्धतीनें नवी प्रोसेस निर्माण केली कीं तिला आईच्या स्मृतीची नक्कल मिळते. मुलीनें पाटी लाविली खरी, पण ती स्वतःच्या घरांत! आई आपल्या घरांतील कोऱ्या भिंतीकडे पाहत बसली. मल्टिप्रोसेसिंग विभागांतील इव्हेंट वापरतांच, म्हणजे दोन घरांमध्यें खिडकी ठेवितांच, निरोप पोंचला.

ही शाळेंतील खटपट झाली. परंतु निरोप पोंचविण्याची व्यवस्थाच अडली, तर काय होतें, याचें उदाहरण मंगळावर घडलें. अमेरिकेचें पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजीं तेथें उतरलें. कांहीं दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्यानें सुरू होऊं लागला. जमा झालेली माहिती नष्ट होत नसे. पण त्या दिवसाचें उरलेलें काम दुसऱ्या दिवसावर जाई.

त्या यानांत अनेक कामें आपापल्या अग्रक्रमानें चालत. माहितीचें वाटप करणारें काम वरच्या मानाचें. हवामानाचें काम खालच्या मानाचें. दोघांमधील निरोप ज्या वाटेनें जात, तिच्या दारावर एकच कुलूप होतें. हवामानाच्या कामानें कुलूप घेतलें, आणि तें सोडण्यापूर्वींच मधल्या मानाचीं कामें उठून संगणक बळकावून बसलीं. वरच्या मानाचें काम कुलपाची वाट पाहत दाराशीं उभें! वास्तविक मधल्या कामांचा त्या कुलपाशीं कांहींहि संबंध नव्हता. ठरल्या वेळेंत वाटप झालें नाहीं असें दिसतांच पहारा करणारें काम घोर दोष घडला असें समजून संगणक नव्यानें सुरू करी.

हा दोष उड्डाणापूर्वींच्या चाचण्यांत दिसला नव्हता काय? दिसला होता. यंत्र तेव्हांहि एकदोनदां आपोआप नव्यानें सुरू झालें होतें. पण शोधूं गेलें असतां तें पुन्हां घडेना, व इतर कामांच्या घाईंत तें मागें पडलें. शिवाय मंगळावरून अपेक्षेपेक्षां अधिक वेगानें माहिती पाठवितां येऊं लागली, म्हणून संगणकावरील कामहि वाढलें. एवढ्या चांगल्या परिस्थितीची चाचणी कोणी घेतलीच नव्हती! आम्हांला या सर्व हकीकतींत हेंच सर्वांत विलक्षण वाटतें.

सुदैवानें कोणतें काम केव्हां चाललें याची नोंद ठेवणारी सोय यानाच्या सॉफ्टवेअरमध्यें होती, आणि यानासारखेंच दुसरें यंत्र पृथ्वीवर होतें. त्यावर अभियंत्यांनीं दोष पुन्हां घडवून आणिला व नोंदींवरून कारण हुडकलें. उपाय ठाऊक होता. लुई शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनीं १९९० मध्यें तो सविस्तर मांडिला होता. कुलूप ज्याच्या हातीं आहे, त्याला वाट पाहणाऱ्याचा मान तात्पुरता द्यावयाचा, म्हणजे मधल्यांना आड येतां येत नाहीं. यानाच्या व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालींत ही सोय होतीच. त्या कुलपापुरती ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून दुरुस्ती धाडून ती चालू केली, आणि संगणकाचें असें नव्यानें सुरू होणें थांबलें.