स्पार्क प्लग निकामी का होतात?

शर्यतीच्या मोटारीचे एंजिन झटके देऊ लागले, की दोष बहुधा स्पार्क प्लगच्या माथी मारला जातो. वास्तविक प्लग पुष्कळदा एंजिनातील बिघाडाची केवळ वार्ता देत असतो.

प्लगच्या टोकाचे तापमान साधारणतः ५०० ते ८५० अंश सेल्सिअस असावे लागते. त्याहून ते कमी राहिल्यास टोकावरील काजळी जळून जात नाही. ती विद्युतरोधक पोर्सेलीनवर साचते, विजेला आडवाट मिळते आणि ठिणगी पडत नाही. तापमान फार वाढल्यास तापलेले टोकच ठिणगीपूर्वी मिश्रण पेटविते. या पूर्वज्वलनाने दट्ट्याला अल्पावधीतच भोक पडू शकते.

उष्णता सावकाश सोडणाऱ्या प्लगला ‘गरम’ व त्वरेने सोडणाऱ्याला ‘थंड’ म्हणतात. टर्बोचार्जर बसवून एंजिनची शक्ती वाढविली, म्हणजे सामान्यतः अधिक थंड प्लग लागतो. वाढलेल्या दाबात ठिणगीला फट ओलांडणे कठीण जाते. म्हणून फटही कमी ठेवावी लागते. निवडताना सावध असावे: एन.जी.के.च्या प्लगवरील आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशचा क्रम याच्या उलट.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी त्याचे टोक न्याहाळावे. फिकट तपकिरी रंग ही निरोगीपणाची खूण होय. कोरडी काजळी बहुधा पेट्रोलचा अतिरेक दर्शविते. ओला, तेलकट थर दट्ट्याच्या झिजलेल्या कड्यांकडे बोट दाखवितो. पांढरे, फोड आलेले टोक अतिउष्णता सांगते. मूळ कारण तसेच ठेवून नवा प्लग बसविला, तर त्याचीही तीच गत होईल. आणि कदाचित एंजिनचीही.